एकाच मुलाच्या दोन फायली

'लठ्ठ मूल' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एक ठरलेलं चित्र येतं. एका हातात चिप्सचं पाकीट, दुसऱ्या हातात मोबाइल आणि मागून कोणीतरी ओरडतंय, "अरे, जरा खाली खेळायला जा!" 'ॲनोरेक्सिया' म्हटलं की येणारं चित्र अगदी वेगळं असतं. आरशासमोर उभी असलेली, हाडं दिसणारी, बहुतेक वेळा परदेशातली एखादी मुलगी. पहिल्याचं दुखणं जास्त खाण्याचं, दुसरीचं न खाण्याचं. पहिल्याला आहारतज्ज्ञाकडे न्यायचं, दुसरीला मानसोपचारतज्ज्ञाकडे. दोघांच्या फायली वेगळ्या, कपाटं वेगळी.

प्रत्यक्षात मात्र ही दोन चित्रं पुष्कळदा एकाच मुलाची असतात, फक्त दोन वेगवेगळ्या वर्षांतली. बाराव्या वर्षी ज्याला 'ढोल्या' म्हणत होते, तोच पंधराव्या वर्षी जेवणाचं ताट टाळत असतो, आणि घरचे कौतुकाने म्हणत असतात, "बघा, मनावर घेतलं तर होतं!"

हे एकच मूल दोन फायलींत कसं विभागलं गेलं, याचा इतिहास शंभर वर्षांच्या आतला आहे. त्यात डॉक्टर आहेत, युद्ध आहे, विमा कंपनी आहे, टीव्ही आहे आणि आपलं पुणंही आहे.

न्यूयॉर्क, १९३७

हिल्डे ब्रूख ही जर्मनीत जन्मलेली ज्यू बालरोगतज्ज्ञ. १९२९ साली तिने फ्रायबर्गमधून वैद्यकीय पदवी घेतली. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि तिला देश सोडावा लागला. आधी लंडन, मग १९३४ मध्ये न्यूयॉर्क. तिथल्या बेबीज हॉस्पिटलमध्ये काम करताना तिला एका गोष्टीचं नवल वाटलं. मंदीचा काळ, लोकांना काम नाही, आणि तरी इथे इतकी जाड मुलं कशी?

त्या काळी याचं उत्तर तयार होतं: ग्रंथी बिघडल्या आहेत. १९०१ साली व्हिएन्नातल्या आल्फ्रेड फ्रोलिख यांनी एका लठ्ठ मुलाची केस प्रसिद्ध केली होती. त्याला मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीजवळ गाठ होती, आणि त्याच्या वयात येण्याच्या खुणाही मागे पडल्या होत्या. पुढची तीसेक वर्षं, मूल जाड दिसलं की डॉक्टर 'फ्रोलिख सिंड्रोम' असं लिहून मोकळे होत. शिक्का बसला की हॉर्मोनची इंजेक्शनं सुरू.

१९३७ पासून ब्रूखने या मुलांचा पद्धतशीर अभ्यास सुरू केला. उंची मोजली, हाडांची वाढ पाहिली, वयात येण्याचं वय नोंदवलं. बहुतेक मुलांच्या ग्रंथींत काही बिघाड नव्हता. उलट ती आपल्या वयाच्या मुलांपेक्षा उंच होती आणि लवकर वयात येत होती. मग तिने त्या काळच्या डॉक्टरांनी सहसा न केलेली एक गोष्ट केली. ती या मुलांच्या घरी गेली.

घरांत तिला दिसलं ते आपल्यालाही ओळखीचं वाटेल. स्थलांतरित कुटुंबं, गरिबी पाहिलेल्या आया, आणि अन्न हीच प्रेम दाखवायची एकमेव भाषा. मूल रडलं, खायला दे. घाबरलं, खायला दे. शांत बसलंय, तरी खायला दे. ब्रूखचं म्हणणं असं की अशा घरात वाढणाऱ्या मुलाला स्वतःची भूक ओळखायला शिकण्याची संधीच मिळत नाही. भूक, भीती, कंटाळा, एकटेपणा या सगळ्यांचा त्याच्या मनात एकच गोळा होतो.

आपल्याकडे काऊचा घास, चिऊचा घास करत जेवण भरवलं जातं. त्यात माया असते यात शंका नाही. पण ब्रूखच्या नजरेने पाहिलं तर एक प्रश्न उरतोच: या सगळ्या घासांत मुलाच्या स्वतःच्या भुकेचा घास कोणता?

पुढे ब्रूखने मनोविश्लेषणाचं शिक्षण घेतलं आणि तिच्याकडे दुसऱ्या प्रकारच्या मुली येऊ लागल्या: जेवण सोडून दिलेल्या, सुकत चाललेल्या. हा आजार नवा नव्हता. लंडनमध्ये विल्यम गल आणि पॅरिसमध्ये शार्ल लासेग या दोघांनी १८७३ च्या सुमारास त्याचं वर्णन केलं होतं. 'ॲनोरेक्सिया नर्व्होसा' हे नाव गलने दिलेलं. पण ब्रूखला या मुलींमध्ये आपली जुनी जाड मुलं दिसली. यांनाही स्वतःची भूक ओळखता येत नव्हती. यांनाही आपलं शरीर आपल्या मालकीचं वाटत नव्हतं. एकाने त्यावर खाण्याचा उपाय शोधला होता, दुसरीने न खाण्याचा.

१९७३ साली तिचं मोठं पुस्तक आलं. त्याच्या नावात खाण्याचे विकार, लठ्ठपणा आणि ॲनोरेक्सिया हे तिन्ही शब्द शेजारी शेजारी होते. या पुस्तकात एक प्रकरण 'बारीक जाड माणसां'वर आहे. म्हणजे अशी माणसं, ज्यांनी वजन उतरवलंय पण मनाने ती अजून त्या जाड शरीरातच राहतात. दिवसभर फक्त अन्नाचा आणि काट्याचा विचार. बाहेरून यशोगाथा, आतून कैद.

ब्रूखचं सगळं बरोबर होतं असं नाही. तिने आयांवर फार दोष टाकला. १९८६ मध्ये अल्बर्ट स्टंकार्ड यांनी डेन्मार्कमधल्या ५४० दत्तक व्यक्तींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांची शरीरयष्टी वाढवणाऱ्या आईबापांशी जुळत नव्हती, जन्मदात्यांशी जुळत होती. वजनात अनुवंशाचा वाटा मोठा आहे हे त्यातून पुढे आलं, आणि आईच्या डोक्यावरचं ओझं थोडं हलकं झालं. पण लठ्ठपणा आणि उपासमार या दोन्हींकडे एकाच खिडकीतून पाहता येतं, ही ब्रूखची दृष्टी मोलाची होती. पुढे नेमकी तीच हरवली.

स्टेडियमखालचे ३६ जण

ब्रूख जन्मली त्याच साली, १९०४ मध्ये, अमेरिकेत आन्सेल कीज जन्मले. दोघांची क्षेत्रं वेगळी, पण या गोष्टीत कीज दोनदा येतात.

पहिल्यांदा येतात ते युद्धाच्या शेवटी. युरोपात लाखो लोक उपाशी होते. त्यांना पुन्हा खायला कसं घालायचं, हे कोणालाच नीट माहीत नव्हतं. मिनेसोटा विद्यापीठाच्या फुटबॉल स्टेडियमखाली कीज यांची प्रयोगशाळा होती. तिथे नोव्हेंबर १९४४ पासून ३६ तरुण पुरुषांवर प्रयोग सुरू झाला. हे सगळे युद्धात बंदूक उचलायला तत्त्व म्हणून नकार दिलेले स्वयंसेवक होते. मनाने आणि शरीराने धडधाकट, तपासून निवडलेले. आधी तीन महिने पोटभर जेवण, मग सहा महिने साधारण निम्मं, मग पुन्हा हळूहळू भरती.

सहा महिन्यांत त्यांचं वजन सरासरी पावपट उतरलं. पण कीज यांच्या नोंदींमध्ये वजनापेक्षा चमत्कारिक गोष्टी होत्या. ही माणसं पाकक्रियेची पुस्तकं जमवू लागली. ताटातल्या बटाट्याचे बारीक तुकडे करून तासभर चघळत बसू लागली. ताटल्या चाटू लागली. राजकारण, मैत्री, प्रेम या सगळ्यांतला रस आटला. उरला तो फक्त जेवणाचा विचार. चिडचिड वाढली, एकलकोंडेपणा आला. काहींचा बांध मध्येच फुटला आणि त्यांनी लपून भरमसाट खाल्लं, मग त्याची शरम वाटून ते कोसळले. प्रयोग संपल्यावर कित्येकांची भूक महिनोन्‌महिने भागेना. पोट भरलेलं, तरी मन खा म्हणतंय. गेलेली चरबी परत आली ती आधीपेक्षा जास्त.

१९५० मध्ये या सगळ्याचे दोन जाडजूड खंड प्रसिद्ध झाले. तेव्हा ते दुष्काळ आणि युद्धाच्या संदर्भात वाचले गेले. काही दशकांनी खाण्याच्या विकारांवर काम करणाऱ्यांनी ते पुन्हा उघडले आणि त्यांच्या लक्षात आलं की ही यादी आपल्या ओळखीची आहे. अन्नाचं वेड, जेवणाचे विचित्र विधी, लपून खाणं, खाल्ल्यावर अपराधी वाटणं ही सगळी आपल्या रुग्णांची लक्षणं. मग ही लक्षणं निव्वळ मनाची नव्हेत. त्यातली बरीचशी उपाशी ठेवलेल्या कोणत्याही मेंदूची आहेत.

हा धागा घट्ट धरून ठेवायला हवा, कारण पुढच्या सगळ्या गोष्टी त्याला बांधल्या आहेत. डाएट म्हणजे शरीराच्या भाषेत छोटा दुष्काळच. ठणठणीत प्रौढ पुरुषांची सहा महिन्यांत ही गत झाली. इथे आपण वाढत्या वयाच्या, उंची आणि हाडं बनत असलेल्या मुलांबद्दल बोलतोय.

आकड्याचं बारसं

कीज दुसऱ्यांदा येतात १९७२ मध्ये. पण त्याआधी थोडं मागे जावं लागेल.

१८३५ साली बेल्जियमच्या अडॉल्फ केटले यांनी माणसांच्या मोजमापांवर एक ग्रंथ लिहिला. केटले हे खगोलशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ. ग्रहताऱ्यांच्या नोंदींची सरासरी काढतात तशी माणसांची काढली तर 'सरासरी माणूस' मिळेल, ही त्यांची कल्पना. त्या ओघात त्यांना दिसलं की मोठ्या माणसांचं वजन साधारण उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. बस, इतकंच. कोण लठ्ठ, कोण आजारी, हा त्यांचा प्रश्नच नव्हता.

विसाव्या शतकात तो प्रश्न आधी विचारला विमा कंपन्यांनी. अमेरिकेतल्या मेट्रोपॉलिटन लाइफ या कंपनीत लुई डब्लिन नावाचे संख्याशास्त्रज्ञ होते. कोणत्या वजनाचे ग्राहक जास्त जगतात याचा हिशेब करून १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी 'आदर्श वजनां'चे तक्ते काढले. हप्ता ठरवण्यासाठी केलेले हे तक्ते डॉक्टरांच्या भिंतींवर आणि मग लोकांच्या डोक्यात जाऊन बसले.

कीज यांना हे तक्ते कच्चे वाटत होते. १९७२ मध्ये त्यांनी पाच देशांतल्या ७ हजारांहून जास्त पुरुषांची मोजमापं घेऊन वेगवेगळी सूत्रं तपासली. केटलेंचं जुनं सूत्र त्यांना त्यातल्या त्यात बरं वाटलं. त्याला त्यांनी नाव दिलं 'बॉडी मास इंडेक्स'. मोठ्या लोकसंख्यांची तुलना करायला सोपं साधन, एवढाच त्यांचा दावा. त्यांच्या अभ्यासात बाई नव्हती, मूल तर नाहीच.

मी व्यवसायाने सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. आमच्याकडे ही गोष्ट रोज घडते. एखादा आकडा मोजायला सोपा असतो म्हणून डॅशबोर्डवर येतो. डॅशबोर्डवर आला म्हणून मीटिंगमध्ये येतो. मीटिंगमध्ये आला की कोणाचं तरी टार्गेट होतो. आणि टार्गेट झाला की आकडा सुधारतो, पण ज्यासाठी तो मोजत होतो ते सुधारेलच असं नाही. चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने हे १९७५ साली बँकांच्या संदर्भात सांगितलं होतं. बीएमआयचं हेच झालं. मोजायचं होतं आरोग्य, हातात आला किलो आणि मीटरचा भागाकार.

आकड्याची ताकद किती, ते जून १९९८ मध्ये दिसलं. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने 'जास्त वजना'ची रेषा पुरुषांसाठी २७.८ आणि बायकांसाठी २७.३ होती, ती दोघांसाठी २५ वर आणली. जवळपास ३ कोटी अमेरिकन माणसं एक घासही जास्त न खाता जाड ठरली.

कपाटं वेगळी होतात

इथून दोन फायलींचे रस्ते फुटले. लठ्ठपणा हा आकडा झाला, म्हणजे तो सरकारचा, सार्वजनिक आरोग्याचा, मधुमेह आणि हृदयरोगवाल्यांचा विषय. न खाणं हा मनाचा आजार, म्हणजे मनोविकारतज्ज्ञांचा.

मधल्या दुव्यांची कोणालाच घाई नव्हती. स्टंकार्ड यांनी १९५९ मध्येच लिहून ठेवलं होतं की काही लठ्ठ माणसं ठरावीक वेळाने ताबा सुटल्यासारखं खातात आणि मग स्वतःचा तिरस्कार करतात. हा वेगळा आजार म्हणून अधिकृत यादीत यायला २०१३ उजाडलं, म्हणजे ५४ वर्षं गेली. १९७९ मध्ये लंडनच्या जेराल्ड रसेल यांनी ३० रुग्णांच्या अनुभवावरून 'बुलिमिया नर्व्होसा'चं वर्णन केलं. हे रुग्ण हाडांचे सापळे नव्हते. बघून कळणार नाही असा तो आजार होता. पण लोकांच्या मनात चित्र पक्कं झालं ते १९८३ मध्ये. गायिका कॅरन कार्पेंटर ३२ व्या वर्षी गेली आणि ॲनोरेक्सिया हा शब्द घराघरांत पोचला. त्या बातम्यांमुळे जागृती झाली, हे खरं. पण 'खाण्याचा विकार म्हणजे काडीसारखी बारीक, गोरी, तरुण बाई' हे समीकरणही तिथेच घट्ट झालं. त्यात जाड मुलाला जागा नव्हती. मुलग्याला तर नव्हतीच.

हे सगळं पाश्चात्त्यांचं, आपल्याकडे नाही, असंही बराच काळ मानलं गेलं. १९९५ मध्ये दिल्लीच्या मनोविकारतज्ज्ञांनी ५ तरुण मुलींच्या केसेस लिहिल्या. त्या जेवत नव्हत्या, उलट्या करत होत्या, वजन घटलं होतं. पण 'मी जाड आहे' असं त्या म्हणत नव्हत्या. पाश्चात्त्य पुस्तकातल्या साच्यात त्या बसत नव्हत्या.

त्याच वर्षी फिजीमधल्या नाद्रोगा भागात टीव्ही आला. हार्वर्डच्या ॲन बेकर तिथे आधीपासून काम करत होत्या. फिजीत भरलेलं शरीर म्हणजे सन्मान, आणि कोणी बारीक व्हायला लागलं तर गावाला काळजी. बेकर यांनी टीव्ही येताच, आणि पुन्हा ३ वर्षांनी, शाळकरी मुलींना तेच प्रश्न विचारले. १९९५ मध्ये वजन आटोक्यात ठेवायला मुद्दाम उलटी काढणारी एकही मुलगी नव्हती. १९९८ मध्ये ११.३ टक्के मुलींनी हो म्हटलं. ७४ टक्के मुलींना कधी ना कधी आपण फार मोठ्या किंवा जाड आहोत असं वाटत होतं. गट लहान होते, साठ-पासष्ट मुलींचे, त्यामुळे एकट्या या अभ्यासावर सगळी इमारत उभी करू नये. पण 'आमच्या संस्कृतीत असलं काही नसतं' या वाक्याचं आयुष्य किती असतं, ते त्यातून कळलं.

शाळेतून आलेलं पत्र

नव्वदच्या दशकाच्या शेवटी दोन मोठे अभ्यास आले. दोन्ही किशोरवयीन मुलांचे.

ऑस्ट्रेलियात जॉर्ज पॅटन आणि सहकाऱ्यांनी जवळपास २ हजार विद्यार्थ्यांचा ३ वर्षं पाठपुरावा केला. कडक डाएट करणाऱ्या मुलींना खाण्याचा विकार होण्याची शक्यता डाएट न करणाऱ्यांच्या १८ पट निघाली, आणि मध्यम डाएट करणाऱ्यांना ५ पट. हा निष्कर्ष १९९९ चा. दुसरा अमेरिकेतला. ९ ते १४ वर्षांच्या जवळजवळ १५ हजार मुलामुलींवर ॲलिसन फील्ड आणि सहकाऱ्यांनी ३ वर्षं लक्ष ठेवलं आणि २००३ मध्ये लिहिलं की वारंवार डाएट करणाऱ्या मुलांचं वजन न करणाऱ्यांपेक्षा जास्त वाढलं.

म्हणजे बघा, एकाच डाएटमधून दोन रस्ते निघतात. एक विकाराकडे, दुसरा आणखी वजनाकडे. स्टेडियमखालच्या ३६ जणांनी नेमकी हीच दोन टोकं दाखवली होती. दोन फायलींमधला हरवलेला कागद तो हाच.

त्याच २००३ साली अमेरिकेच्या आर्कान्सा राज्याने कायदा केला. शाळेत प्रत्येक मुलाचा बीएमआय मोजायचा आणि पत्राने घरी कळवायचा. हेतू चांगलाच होता. मुलांमधला मधुमेह वाढत होता आणि पालकांना कळत नव्हतं. इतर राज्यांनी कित्ता गिरवला. अशा पत्रांचा उपयोग होतो का, याची मोठी नीट चाचणी कॅलिफोर्नियात झाली: ७९ शाळा, जवळपास २९ हजार मुलं. २०२१ मध्ये निकाल आला. पत्रांमुळे वजनात काहीही फरक पडला नाही. शाळेत वजन केलेल्या मुलांमध्ये स्वतःच्या वजनाबद्दलची नाराजी मात्र वाढली.

जाडपणाच्या फायलीत अडकलेल्या मुलांचं पुढे काय होतं, ते २०१३ मध्ये मेयो क्लिनिकच्या लेस्ली सिम आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. एक १४ वर्षांचा मुलगा आणि एक १८ वर्षांची मुलगी. दोघं आधी लठ्ठ, दोघांनी डाएटने खूप वजन उतरवलं, दोघांमध्ये उपासमारीची लक्षणं. पण डॉक्टरांचं लक्ष जुन्या आकड्यावरच राहिलं आणि निदान लांबलं. जाड मुलाचं वजन उतरतंय म्हणजे चांगलंच चाललंय, हा समज त्यामागे होता. त्याच वर्षी मनोविकारांच्या अमेरिकन यादीत एक वेगळी नोंद आली. पुष्कळ वजन उतरूनही आकडा 'नॉर्मल' किंवा वर असेल, आणि बाकी सगळी लक्षणं असतील, तर तो ॲनोरेक्सियाचाच 'अटिपिकल' प्रकार. नाव थोडं अन्यायाचंच आहे. अशा मुलांच्या हृदयाची गती धोक्याइतकी मंदावू शकते, आणि हृदय बीएमआय बघून मंदावत नाही.

पुण्याचं बाळ

आता आपल्या घरी येऊ. कारण इथे गोष्टीला एक वेगळंच वळण आहे.

पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या ६ खेड्यांत गरोदर बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास चालवला. ही बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची, इंग्लंडच्या साउदॅम्प्टनमधली ३.५ किलोची. पण पुण्याच्या लहानखुऱ्या बाळांमध्ये स्नायू कमी असूनही चरबी मात्र तितकीशी कमी नव्हती. त्यांनी याला नाव दिलं 'थिन-फॅट' बाळ. ब्रूखची 'बारीक जाड माणसं' न्यूयॉर्कची, मनाची. याज्ञिकांचं बारीक जाड बाळ पुण्याचं, शरीराचं. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही, पण दोन्ही एकच सांगतात: बघून कळत नाही.

२००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये याज्ञिकांचा आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय तंतोतंत एक, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के. केटलेंच्या सूत्राची इतकी चपखल शोभा क्वचितच कोणी केली असेल.

अशा पुराव्यांमुळे भारतीयांसाठी रेषा खाली आणल्या गेल्या. मोठ्यांसाठी २५ ऐवजी २३. मुलांसाठी भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०१५ मध्ये जे वाढीचे तक्ते काढले, त्यातही याच हिशेबाने रेषा आखल्या. त्या समितीत पुण्याचे डॉ. वामन खाडिलकर होते. यामागचं विज्ञान चोख आहे. आपल्याकडे मधुमेह लवकर येतो, कमी वजनावर येतो, हे नाकारून चालणार नाही. पण तक्त्यावरची रेषा खाली आली की 'जास्त वजना'च्या खान्यात पडणारी मुलं वाढतात, आणि मुलापर्यंत तक्ता पोचत नाही. पोचतो तो फक्त शब्द.

आणि शब्दांच्या बाबतीत आपण फार उदार. ज्या भाषेत बाळाला 'गुटगुटीत' म्हणून मिरवतात, सुदृढ बालक स्पर्धेत नंबर देतात, त्याच भाषेत दहा वर्षांनी त्याला 'जाड्या' म्हणतात. दोन्ही लाडाने. 'तब्येत सुधारली' हे वाक्य एका पिढीत शाबासकीचं होतं, पुढच्या पिढीत टोमणा झालं. सकाळी 'पानात काही टाकायचं नाही', संध्याकाळी 'किती खातेस!' चौदा वर्षांच्या मुलीने यातून नेमकं काय समजायचं?

याज्ञिकांच्या कामात या मुलीसाठी आणखी एक गोष्ट आहे. बाळाचं शरीर कसं घडणार हे आईच्या पोषणावर ठरतं, आणि आईचं पोषण तिच्या किशोरवयातच ठरायला लागतं. म्हणूनच त्यांच्या गटाने याच खेड्यांतल्या वयात आलेल्या मुलामुलींना बी-१२ जीवनसत्त्व देऊन पुढच्या पिढीची प्रकृती सुधारते का, हे पाहायला घेतलं. म्हणजे जाडी टाळायची म्हणून पंधराव्या वर्षी दूध, फळं, भाजी सोडून देणारी मुलगी त्या साखळीच्या नेमक्या चुकीच्या कडीवर घाव घालत असते.

मग करायचं काय?

अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०१६ मध्ये पहिल्यांदा दोन्ही फायली एकत्र ठेवल्या: किशोरवयातला लठ्ठपणा आणि खाण्याचे विकार एकाच वेळी कसे टाळायचे, यावर एक अहवाल. पुराव्यातून निघालेल्या गोष्टी दिसायला साध्या होत्या. मुलांना डाएटवर घालू नका. वजनाबद्दल बोलू नका, ना त्यांच्या, ना स्वतःच्या. चिडवू नका, लाडानेही. शक्य तितकं एकत्र बसून जेवा. आपलं शरीर बरं वाटेल असं वातावरण ठेवा. म्हणजे एका विकारापासून जे वाचवतं, ते दुसऱ्यापासूनही वाचवतं. ब्रूखची खिडकी पुन्हा उघडली, म्हणायला हरकत नाही.

वाद संपलेला नाही. २०२३ मध्ये त्याच संघटनेने लठ्ठपणावर नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात १२ वर्षांपासून औषधं आणि १३ वर्षांपासून गंभीर लठ्ठपणासाठी शस्त्रक्रियेचा विचार आहे. खाण्याच्या विकारांवर काम करणारे अस्वस्थ झाले. दुसऱ्या बाजूचं म्हणणंही ऐकण्यासारखं आहे: तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, कुटुंबासकट केलेल्या उपचारांत विकारांचा धोका वाढलेला दिसत नाही, बहुधा कमीच होतो. मूल बिघडतं ते एकट्याने, गुपचूप, इंटरनेटवर बघून केलेल्या डाएटने. त्यामुळे 'वजनाचं काही करूच नका' हे उत्तर नाही. 'तुझं तू बघ' हे तर नाहीच.

आणि आता तर ते 'तुझं तू बघ' खिशातच असतं. २०२१ मध्ये 'वॉल स्ट्रीट जर्नल'ने फेसबुकचे अंतर्गत कागद छापले. ज्या मुलींना आपल्या शरीराबद्दल वाईट वाटत होतं, त्यांतल्या ३२ टक्के जणी म्हणत होत्या की इन्स्टाग्रामने ते आणखी वाईट केलं. नाद्रोगात टीव्ही दिवाणखान्यात होता आणि तो बंद व्हायचा. हा तळहातावर आहे आणि तो आपल्याला ओळखतो. कॅलरी मोजणाऱ्या ॲपला मोजताना हे कळत नाही की समोरचं मूल तंदुरुस्त होतंय की उपाशी मरतंय. त्याला दोन्हीकडे हिरवी रेषाच दिसते. असली ॲप बनवणारे आमच्यासारखेच लोक आहेत. 'कमी खाल्लं, शाब्बास' असा मेसेज पाठवायची अट लिहिताना खालची मर्यादाही लिहायची असते, हे कोणीतरी मीटिंगमध्ये म्हणायला हवं.

घरात मात्र मीटिंगची गरज नाही. मूल जेवणाच्या वेळा टाळतंय का, उपासांची संख्या अचानक वाढलीय का, जेवल्यावर लगेच बाथरूममध्ये जातंय का, सारखी थंडी वाजते का, चक्कर येते का, मुलीची पाळी थांबलीय का, हे प्रश्न बारीक मुलाला जितके लागू तितकेच जाड मुलालाही. यातलं काही दिसलं तर डॉक्टरांना वजनाबरोबर हेही सांगायचं. बोलायला कोणी नसेल तर सरकारची 'टेली मानस' ही मोफत मदतवाहिनी १४४१६ या क्रमांकावर आहे, मराठीतही बोलता येतं.

आणि पुढच्या लग्नात, बारशात, हळदीकुंकवात एखादा पंधरा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी अचानक बारीक झालेली दिसली, तर "अरे वा!" तोंडात येईल. ते तिथेच थांबवून आधी विचारायचं, "कसा आहेस? काय चाललंय?" उत्तराला वेळ लागला तरी तिथेच उभं राहायचं.